वहीतलं बुधवारचं पान

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मनीषाची वही माझ्या हातात होती. बाहेर मंचरच्या मार्केट यार्डात कांद्याचे ट्रक खाली होत होते. आमच्या भाड्याच्या खोलीत मनीषा धरून सहा फेलो, म्हणजे शिकाऊ संशोधक, चहा पीत होते. मी एकच पान तिसऱ्यांदा वाचत होते.

पानावर बुधवारची नोंद होती. बोललेलं जसंच्या तसं लिहायचं, हे मीच शिकवलं होतं. मनीषानं तसंच लिहिलं होतं:

‘वयनी बाळहिरडा निवडायला बसली व्हती. डोक्याला फडकं आवळून बांधलेलं. बांगड्या काढून ठेवल्यात, हाताला रुतत्यात म्हनली. सांजचा देवापुढं दिवा लावते तर वात एक आन् दिसत्यात दोन, असं म्हनली. काकी म्हनल्या, लक्षुमी हाय पोटात. समद्या हसल्या.’

मी टॅबवर त्याच बाईचा फॉर्म उघडला. वय एकवीस, पहिलं बाळंतपण, आठवा महिना. डोकं सतत दुखतं का? नाही. हाताला, चेहऱ्याला सूज आहे का? नाही. धूसर किंवा दोन-दोन दिसतं का? नाही. झटके? नाही. रक्तस्राव? नाही. बाळाची हालचाल कमी झाली का? नाही.

सहाच्या सहा ‘नाही’.

आमच्या भाषेत या सहा प्रश्नांना डेंजर साइन्स म्हणतात, म्हणजे धोक्याच्या खुणा. आठव्या महिन्यात डोकं ठणकतंय, हात सुजलेत आणि एकाचे दोन दिसतात, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर बहुतेक वेळा रक्तदाब भलताच चढलेला असतो. तो उतरवला नाही तर बाईला झटके येतात. झटके आले तर आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. हे कधी होईल त्याचा नेम नसतो. आठवड्यानं होईल, तासाभरात होईल. आणि नोंद बुधवारची होती. दोन दिवस ते पान एका सॅकमध्ये पडून होतं.

“मनीषा, ही दोन वाती दिसणारी कोण?”

“सगुणा वयनी. माझ्या चुलतभावाची बायको.”

“मग फॉर्ममध्ये ‘नाही’ का टाकलंस?”

ती गोंधळली. “मी इच्यारलं तवा ती नाय म्हनली ना म्याडम. हे तर मागनं हिरडं निवडताना बोलली. तुमीच म्हनलात, फॉर्मच्या बाहेरचं वहीत लिहायचं.”

म्हटलं होतं. अगदी याच शब्दांत.

आता थोडं माझ्याविषयी. मी डॉक्टर आहे, पण पीएचडीवाली. मला कुणी नाडी दाखवली तर मी फक्त ती मोजू शकते. पंचवीस वर्षं मी आरोग्याच्या संशोधनात आकडे सांभाळते. आमचा विषय हेल्थ डिस्पॅरिटी, म्हणजे आरोग्यातली तफावत. एकाच तालुक्यात डोंगराच्या वर राहणारी बाई आणि खाली हायवेला राहणारी बाई, दोघींच्या बाळंतपणात जो फरक पडतो तो का पडतो, हे शोधायचं. एवढी वर्षं शहरातून माणसं यायची, प्रश्न विचारून जायची. या प्रोजेक्टमध्ये ठरलं की आदिवासी वाड्यांतल्या शिकलेल्या मुलामुलींनाच संशोधक म्हणून तयार करायचं. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातले सहा जण निवडले. त्यांना शिकवायला मी आले. कागदावर लिहिलं होतं, ‘समाजाच्या रीतीभाती समजून घेऊन संशोधन’. तो कागद मीच लिहिला होता.

मनीषा महादेव कोळी समाजातली, आहुप्याच्या अलीकडच्या एका वाडीची. वाडीचं नाव सांगत नाही, आणि सगुणा हे नावही खरं नाही. ट्रेनिंगमध्ये हे सहा प्रश्न आले तेव्हा सगळ्यांत आधी हात तिनंच वर केला होता.

“म्याडम, आमच्याकडं गरवार बाईच्या म्होरं असलं वंगाळ बोलत नाय. झटकं, रगत, बाळ हालत नाय. असं बोललेलं लागतं म्हनत्यात.”

“आपण बोलत नाही आहोत. विचारतो आहोत.”

“तेच की. आन् ती व्हय म्हनली तर आपल्याच तोंडानं वंगाळाला बोलावल्यावानी व्हतं. ती नायच म्हननार. दुखून जीव चालला तरी नाय म्हनंल.”

मी तिला समजावलं, की प्रत्येक बाईला तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारायचा, नाहीतर उत्तरांची तुलना करता येत नाही. शेवटी वर असंही म्हणाले, “वाडीत गेलीस की तू सून-लेक नाहीस, संशोधक आहेस.” बाकीचे पाच जण हसले. ती हसली नाही, पण तिनं मान हलवली. माझ्या म्हणण्यावर मान हलवली की मी त्याला शिकणं समजत असे.

शुक्रवारी मला ती मान आठवली.

“फोन लाव घरी,” मी म्हणाले.

“रेंज टेपाडावर गेल्याबिगर येत नाय. मेसेज टाकते.” तिनं वाडीतल्या सख्ख्या भावाला व्हॉइस मेसेज टाकला. एक टिक आली. आम्ही सगळे त्या एका टिककडे बघत उभे राहिलो. दुसरी येईना.

पुण्याला आमच्या प्रोजेक्ट डायरेक्टरांना फोन लावला.

“सर, एका पार्टिसिपंटला गंभीर लक्षणं आहेत. मी तिला आणायला जाते.”

“लक्षणं फॉर्ममध्ये आहेत?”

“नाही. फेलोच्या वहीत आहेत.”

“तिची माहिती दवाखान्याला द्यायची परवानगी घेतली होती?”

“नाही.”

“मग आधी एथिक्स कमिटीला ईमेल करा.” लोकांवर संशोधन करताना कुणाचा विश्वासघात होऊ नये म्हणून ही कमिटी असते. चांगली गोष्ट आहे. महिन्यातून एकदा बसते.

“सर, तोपर्यंत बाई गेली तर?”

पलीकडे खुर्ची सरकली. मग म्हणाले, “ईमेल टाका आणि निघा. पोचलात की कळवा.” त्यांचाही आवाज बदलला होता. मी जीपमध्ये बसून ईमेल लिहिलं. ते डिंभ्याच्या पुढे रेंज गेल्यावर अडकलं आणि दुसऱ्या दिवशी गेलं.

जीप अन्वरभाईंची. ते जुन्नरचे, वीस वर्षं या डोंगरातल्या रस्त्यांवर गाडी चालवतात. मी दर दोन मिनिटांनी “जरा लवकर” म्हणत होते. तिसऱ्यांदा म्हटल्यावर त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं.

“म्याडम, पोचायचंय का पळायचंय, ते एकदा ठरवा. मी पोचवतो.”

वाटेत घोडेगावला सरकारी दवाखान्यात थांबलो. तिथले तरुण डॉक्टर ओपीडी सोडून बाहेर आले. सगळं ऐकून घेतलं. ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन पुण्याला गेली होती, यायला दुपार होणार होती.

“तुम्हीच घेऊन या. बीपीचं मशीन देतो. वरचा आकडा एकशेसाठ किंवा पुढे दिसला तर चहालाही थांबू नका. डाव्या कुशीवर झोपवा. झटका आलाच तर कुशीवरच धरा, तोंडात काही घालू देऊ नका. बाकी तुम्ही डॉक्टरच आहात.”

“मी पीएचडी आहे.”

मग त्यांनी पट्टा दंडाला कसा बांधायचा ते दोनदा करून दाखवलं.

डिंभ्याचं धरण मागे पडलं. पाण्याच्या कडेकडेनं रस्ता वळत जातो. एप्रिल होता, पाणी खाली गेलेलं, चिखलाला भेगा पडलेल्या. मनीषा पुढच्या सीटवर होती. फोन हातात धरून ती एक टिक बघत होती. मागे न बघताच ती बोलली.

“म्याडम, तिला काय झालं आसंल तर वाडीत काय म्हनतील, म्हाईत हाय?”

“काय?”

“मनीषीनं इच्यारलं म्हून झालं. बुधवारी आंगनात बसून तिच्या तोंडावर मी झटकं म्हनले, रगत म्हनले. समद्यांनी ऐकलंय. मला पुन्यांदा कुनी दारात उभं करनार नाय. माझं घर हाय वो तिथं.”

तोपर्यंत मी सगुणासाठी घाबरले होते. आता या पोरीसाठीही घाबरले. आणि खरं सांगायचं तर थोडी स्वतःसाठीही, कारण ती बोलत होती ते सगळं माझ्या सहीच्या फॉर्मचं होतं.

सव्वाबाराला वाडीत पोचलो. सकूबाईंच्या, म्हणजे सगुणाच्या सासूच्या, अंगणात बाळहिरडा, म्हणजे औषधासाठी विकली जाणारी हिरड्याची कोवळी फळं, वाळत घातलेला होता आणि त्यात कोंबड्या बिनधास्त चोची मारत होत्या. जंगल तुडवून एकेक दाणा वेचलेला हिरडा या भागात कुणी असा कोंबड्यांवर सोडत नाही. अंगणात कुणी नव्हतं. दार लोटलेलं. मनीषा जीपमधून उतरली आणि जागीच थांबली. तिच्या मनात जे आलं तेच माझ्या मनात आलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

“काकी?” मनीषानं हाक मारली. पुन्हा मारली.

“कोन हाय?” आतून सकूबाई बोलल्या. “या की. वाईच सुनंपाशी बसले व्हते.”

आत अंधार होता. सगुणा भिंतीकडे तोंड करून घोंगडीवर पडली होती, डोक्याला फडकं. आमची चाहूल लागून ती उठून बसली. चेहरा असा सुजला होता की डोळे बारीक दिसत होते. मला बघून तिनं पदर सावरला आणि हसली.

“कशी आहेस?”

“बरी हाय.”

मी तिच्यासमोर बसले. माझ्या डोक्यात सगळं रचून तयार होतं: बीपी म्हणजे काय, झटके का येतात, उशीर झाला तर काय होतं. समोरच्याला पूर्ण माहिती द्यायची, मग त्यानं ठरवायचं, ही आमची शिस्त. “हे बघ सगुणा, तुला कदाचित झटका…”

मनीषानं माझं मनगट धरलं. नखं रुतली.

“म्याडम,” ती हळू बोलली, “तुमी बोलू नगा.”

आणि ती खाली बसली. कोपऱ्यातलं हिरड्याचं सूप तिनं पुढ्यात ओढलं आणि निवडायला लागली. काडी बाजूला, दाणा बाजूला. सकूबाईही येऊन बसल्या. दोघी निवडत होत्या आणि बोलत होत्या. औंदा हिरडा कसा बारीक आहे, कुणाच्या शेळीला दोन करडं झाली, वरच्या वाडीच्या टाक्यात पाणी किती उरलंय. मी तिथं बसून सगुणाचा श्वास मोजत होते. माझ्या आयुष्यात पाच मिनिटं एवढी लांब कधी झाली नव्हती. मला ओरडावंसं वाटत होतं, अगं बायांनो, उठा.

मग मनीषा म्हणाली, “काकी, म्याडमनी ते मशीन आनलंय. समद्यांचं बघू या?”

पट्टा तिनं आधी सकूबाईंच्या दंडाला बांधला. मशीन घुरघुरलं. एकशेतीस. “झ्याक हाय काकी.” मग स्वतःच्या. मग दारात बघत उभ्या असलेल्या शेजारणीच्या. आणि सगळ्यांत शेवटी, सहज, “वयनी, दे हात.” एकट्या सगुणाला तपासलं असतं तर तिलाच काहीतरी झालंय असं घरात बोलून दाखवल्यासारखं झालं असतं. मला हे तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं.

आकडा माझ्या बाजूला होता. एकशेबहात्तर. खालचा एकशेचौदा.

मनीषानं माझ्याकडे बघितलं. मी चेहरा हलू दिला नाही. पण तिला कळलं.

“काकी,” ती म्हणाली, “वयनीच्या बांगड्या कुठं हायत?”

“डब्यात ठिवल्यात. बारीक झाल्या तिला.”

“गरवार बाईचा हात असा मोकळा बरा न्हवं. गाडी आलीच हाय, खाली घोडेगावला कासाराकडं नेऊन मोठ्या मापाच्या भरून आनते. तुमी बी चला.”

सकूबाईंचे हात थांबले. त्यांनी मनीषाकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, मग सुनेकडे. आठव्या महिन्यातली सून भर उन्हात दोन तास जीपमध्ये घालून कुणी बांगड्या भरायला नेत नाही, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

“जाऊ,” त्या म्हणाल्या. “ऊन उतरायच्या आदी जाऊ.” आणि उठून त्यांनी एका पिशवीत सुनेचं लुगडं, एक जुनं मऊ धोतर आणि सुती फडकी भरली.

सकूबाईंनी मला जीपच्या मागं गाठलं. सगुणा आत बसत होती, तिला ऐकू जाणार नाही एवढ्या अंतरावर. आता मात्र त्या सरळ बोलल्या.

“बाई, तुमी शिकलेल्या. सून माघारी यील न्हवं?”

मला ‘हो’ म्हणायचं होतं. आकड्यांत काम करणाऱ्या बाईला एवढं साधं खोटं बोलता येत नाही. “आत्ता निघालो तर येईल असं वाटतं,” मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि चप्पल पायात सरकवली.

सगुणाला मागच्या सीटवर डाव्या कुशीवर झोपवलं. डोकं सासूच्या मांडीवर. मी खाली, पाय ठेवायच्या जागेत बसले. अन्वरभाई गाडी अशी चालवत होते की पाण्यानं भरलेला हंडा नेत असावेत. मनीषा पुढून मागं वळून सारखी बोलत होती. हिरवा चुडा भरायचा का लाल, काचेच्याच घ्यायच्या ना. सगुणा ‘हं’ म्हणायची. एका वळणावर ती म्हणाली, “दोन-दोन रस्तं दिसत्यात गं.” नंतरच्या वळणावर ‘हं’ आलं नाही.

मी प्रत्येक वळण मोजत होते. मोजल्यानं काही होत नाही, पण मला दुसरं काय येतं?

डिंभ्याच्या खाली सपाटीला लागलो. घोडेगाव दहा मिनिटांवर राहिलं होतं. सगुणाचा हात माझ्या हातात होता, तो आधी बारीक थरथरला. मग तिची मान वाकडी झाली, डोळे वर गेले आणि सगळं अंग ताठ होऊन हिसके द्यायला लागलं. झटका म्हणजे काय हे मी शेकडो रिपोर्टांत लिहिलं होतं. बघितला तो पहिल्यांदा. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. अन्वरभाईंनी मागं बघितलं नाही, पण हॉर्नवर ठेवलेला हात दवाखान्यापर्यंत काढला नाही.

सकूबाईंनी पायातली चप्पल काढून सुनेच्या नाकाशी धरली. फिट आली की इकडे तसं करतात. मी ती चप्पल राहू दिली. त्यांचा दुसरा हात सुनेच्या दातांत पदर कोंबायला निघाला, तो मात्र मी घट्ट धरला. “काकी, तोंडात नको. कुशीवर धरा. नुसतं धरा.” त्यांनी धरलं. आम्ही दोघींनी धरलं. सीटवर ओल पसरत होती. मिनिटभर चाललं असेल. मग ती सैल पडली आणि घोरल्यासारखा श्वास घ्यायला लागली. श्वास चालू होता. मी दवाखान्याच्या दारापर्यंत फक्त तेवढंच ऐकत होते.

हॉर्न ऐकून डॉक्टर गेटवर आले होते. इंजेक्शन तयार होतं. हे इंजेक्शन पुन्हा झटका येऊ नये म्हणून देतात. तोपर्यंत ॲम्ब्युलन्स परत आली होती, तिला पुढे मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. संध्याकाळी पोट उघडून बाळ काढलं. मुलगी. दोन तळव्यांत मावेल एवढी, काचेच्या पेटीत ठेवलेली. सगुणाचा नवरा मंचरच्या यार्डात हमाली करतो. आमच्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर, आणि सकाळच्या घाईत त्याला सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं. तो कांद्याच्या धुळीनं माखलेल्या कपड्यांतच आला होता आणि भिंतीला टेकून उभा होता. सगुणा दुसऱ्या दिवशी सकाळी शुद्धीवर आली. आई आणि मुलगी दोघी वाचल्या. हे आधीच सांगायला हवं होतं, पण मला ते जसं कळलं तसंच सांगितलं.

हॉस्पिटलच्या पायरीवर सकूबाई बसल्या होत्या. मनीषा चहा घेऊन गेली. त्यांनी घेतला नाही.

“बुधवारी तू इच्यारलंस तिला. झटकं येत्यात का म्हून.”

मनीषा खाली बघत उभी राहिली. तिला जी भीती होती तीच समोर आली होती.

“काकी,” मी मध्ये पडले, “ते प्रश्न तिचे नव्हते. माझे होते. ती नको म्हणाली होती, मी ऐकलं नाही. आणि तिनं वहीत लिहिलं म्हणून आम्ही आलो.”

सकूबाई माझ्याकडे वळल्या. “मंग तुमी इच्यारायचं व्हतं,” त्या म्हणाल्या. “आमच्याच लेकीच्या तोंडात कशाला घातलं?”

थोड्या वेळानं त्यांनी मनीषाच्या हातातला कप घेतला. गार झालेला चहा त्यांनी पिऊन टाकला.

मला वाटलं, संपलं. मी बाकावर डोळे मिटून बसले होते. मनीषा शेजारी येऊन बसली.

“म्याडम, बाकीच्या?”

“बाकीच्या कोण?”

तिनं टॅब माझ्या मांडीवर ठेवला. आमच्या टीमनं त्या आठवड्यात ज्या ज्या गरोदर बायकांना विचारलं होतं, त्या सगळ्यांची यादी. अठरा नावं. मी एकेक उघडत गेले. नाही, नाही, नाही, नाही, नाही, नाही. गुरुवारी हाच डेटा बघून मी डायरेक्टरांना लिहिलं होतं, ‘अत्यंत क्लीन’.

शनिवारपासून मंगळवारपर्यंत आम्ही सगळ्यांच्या घरी जाऊन आलो. टॅब जीपमध्ये ठेवला. सोबत मशीन आणि त्या तरुण डॉक्टरांनी दिलेली सिस्टर. फेलो पुढे, मी मागं. ज्या घरी हिरडा चालला होता तिथं हिरडा निवडला, जिथं पाणी भरत होते तिथं पाणी भरलं. मशीन आधी सासूला, मग नणंदेला, मग तिला. एकीच्या पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला. तिला खाली नेलं. दुसरी एक महिनाभर पांढरीफटक होती, तिलाही नेलं. दोघी वेळेत होत्या.

सोमवारी दुपारी एका घरी पोचलो. त्या घराचा फॉर्म फेलोचा नव्हता. प्रश्न कसे विचारायचे याचा डेमो म्हणून आधीच्या सोमवारी सहाही जणांना मागं बसवून मी स्वतः तो भरला होता. बारा मिनिटांत. बाई ओट्यावर बसली होती. पोट नव्हतं. कडेला बाळही नव्हतं.

मनीषा तिच्याशेजारी जाऊन बसली. कुणीच काही विचारलं नाही. सासूनं काळा चहा दिला. आम्ही तो प्यायलो. रिकामा कप मी हातातच धरून बसले. बऱ्याच वेळानं ती बाई आपणहून माझ्याकडे बघून बोलली. रागानं नाही.

“बाई, तुमी त्या दिशी इच्यारलं न्हवं का, बाळ हालायचं कमी झालंय का म्हून. तवा बी ते दोन दिस हालत नव्हतं. मी नाय म्हनले. मंग वाटलं, सांगावं. तवर तुमी म्होरचं इच्यारलं.”

मी तिला काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्यानं काही बदलत नाही.

ट्रेनिंग अजून चालू आहे. प्रश्न कसा विचारायचा, हे मी आता अर्ध्या दिवसात उरकते. विचारल्यावर गप्प किती वेळ बसायचं, याला तीन आठवडे लागतात. तो भाग मनीषा शिकवते. मी मागच्या रांगेत बसते आणि अजून नापास होते.